कॉलेज लायब्ररीत मौखिक इतिहासाचं डिजिटल कलेक्शन करायचंय? मग आधी ट्रान्सक्रिप्टचं बघा

नॅक, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणारी समिती, यायचं ठरलं की लायब्ररीत डिजिटल आर्काइव्हची आठवण सगळ्यांनाच होते. मग स्कॅनर येतो, जुन्या मासिकांच्या पीडीएफ चढतात, कुणाकुणाच्या मुलाखती रेकॉर्ड होतात, प्राचार्यांच्या हस्ते उद्घाटन होतं आणि फोटो वेबसाइटवर जातो. त्यानंतर एखादा दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून ती पीडीएफ उघडतो आणि त्याला काहीच ऐकू येत नाही, कारण आत अक्षरं नाहीतच, नुसते पानांचे फोटो आहेत. कर्णबधिर मुलगी मुलाखत उघडते तर तासभर एका आजींचा चेहरा हलताना दिसतो, बाकी काही नाही. आणि खरं सांगायचं तर ज्याला दिसतं आणि ऐकूही येतं तो संशोधक तरी तासाभराच्या ऑडिओत आपल्या कामाची दोन मिनिटं कुठे शोधणार? म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सगळ्यांना वापरता येईल असं कलेक्शन हवं असेल तर त्याची तयारी रेकॉर्डर चालू करायच्या आधीपासून करावी लागते आणि पैशातला मोठा वाटा मशीनवर न घालवता मुलाखती शब्दन् शब्द लिहून काढण्यावर, म्हणजे ट्रान्सक्रिप्टवर, घालवावा लागतो.

विषय जवळचा घ्या, माणसं थोडी घ्या

मुंबईत विषयांना तोटा नाही. कोळीवाडे आहेत, बीडीडी चाळी पडतायत आणि टॉवर उभे राहतायत, गोदीतले कामगार आहेत. मी इथे उदाहरणाला गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका घेते, कारण १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाबद्दल युनियनच्या पुढाऱ्यांचं बरंच रेकॉर्ड झालंय, पण एकट्या आलेल्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बाईला संपात उधारी कशी झेपली हे विचारणारे कमी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना घेऊन, म्हणजे कागदावरचा इतिहासही थोडाफार हाताशी आहे. संपाच्या वेळी जी पंचविशीत होती ती आता सत्तरीला टेकलीय, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षीवर ढकलण्यासारखं नाही.

दहा-बारा माणसं पुष्कळ झाली. दोनशे मुलाखती हार्ड डिस्कवर पडून असण्यापेक्षा दहा मुलाखती ट्रान्सक्रिप्ट, कॅप्शन (व्हिडिओत बोलणं लिहून दाखवणाऱ्या ओळी), सारांश आणि परवानगीसकट पूर्ण झालेल्या असल्या तर त्या वापरल्या जातात.

संमती

फॉर्म मराठीत हवा, मोठ्या अक्षरात हवा आणि तो वाचून दाखवायला हवा. नुसती सही घेऊन चालत नाही. 'इंटरनेटवर टाकणार' हे अनेकांना पुरेसं कळत नाही, त्यापेक्षा 'काकू, हे तुमच्या सुनेच्या मोबाइलवर पण दिसेल आणि गावाकडच्या भावकीलाही दिसेल' असं सांगितलं की लगेच चेहरा बदलतो आणि मग खरी संमती मिळते किंवा मिळत नाही. फॉर्मात पर्याय ठेवा: नावासकट खुलं, नाव बदलून खुलं, फक्त लायब्ररीत बसून ऐकता येईल असं, किंवा ठरावीक वर्षं बंद. नंतर विचार बदलला तर काढून टाकता येईल हेही लिहा आणि कुणाला फोन करायचा ते लिहा. संमती रेकॉर्डिंगवरही घ्या, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर घ्याच.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक म्हणजे कॉपीराइट. बोललेले शब्द त्या बाईंचे आहेत, म्हणून जतन करायला, प्रती काढायला, ब्रेलमध्ये किंवा मोठ्या टाइपात किंवा दुसऱ्या भाषेत द्यायला आणि वेबवर टाकायला परवानगी लेखी घ्या, फोटोंची वेगळी. दुसरं म्हणजे मुलाखतीत येणारी तिसरी माणसं. शेजारणीचं आजारपण, दिराचं दारूचं व्यसन, कोणाची जात, सावकाराचं नाव, हे सगळं बोलण्याच्या ओघात येतं आणि त्या माणसांनी तुम्हाला काहीही लिहून दिलेलं नसतं. वैयक्तिक डिजिटल माहितीबद्दल २०२३ चा कायदाही आलाय, पण कायदा नसता तरी हे भाग बाहेर टाकायच्या आधी दोघांनी बसून ऐकायला हवेत.

रेकॉर्डिंग: इथेच अर्धी लढाई

मुंबईत शांत खोली मिळणं म्हणजे लॉटरीच. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळी मुलं गॅलरीत, मध्ये भंगारवाला, आणि करी रोड-चिंचपोकळीच्या बाजूला असाल तर लोकल आहेच. जेवणं उरकल्यानंतरची दुपार त्यातल्या त्यात बरी. पंखा बंद करा, नाही जमलं तर वेग कमी करा, आणि एप्रिल-मेमध्ये सत्तरीच्या बाईंना पंख्याशिवाय तासभर बसवू नका, त्यापेक्षा थोडी घरघर परवडली. कॉलरला लावायचा साधा माइक घ्या, फोन एरोप्लेन मोडवर टाका. मूळ फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवा. स्टिरिओमध्ये एका तासाला साधारण १ जीबी जागा लागते, मोनोला निम्मी. सुरुवातीला तारीख, जागा, दोघांची नावं बोलून घ्या आणि शेवटी अर्धा मिनिट कोणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज घ्या, एडिटिंगला लागतो.

आता महत्त्वाचं. मुलाखत घेताना विचारलेला एक छोटा प्रश्न नंतरचं कितीतरी काम वाचवतो. आजी हाताने दाखवून म्हणतात, 'एवढा टोप असायचा आमटीचा.' ऑडिओ ऐकणाऱ्याला एवढा म्हणजे केवढा? तिथल्या तिथे विचारा, 'म्हणजे किती माणसांची आमटी व्हायची त्यात?' त्या सांगतील की वीस जणांची, आणि वर उधारीवर जेवणाऱ्यांचाही हिशोब सांगतील. फोटोवर बोट ठेवून 'हा बघ तो' म्हणाल्या की तुम्ही मोठ्याने म्हणा, 'डावीकडून दुसरे, टोपीवाले, ते का?' मान हलवून हो म्हटलं तर 'हो म्हणताय ना?' असं विचारून तोंडी घ्या. डोळे भरून आले तर ते मात्र बोलून दाखवायची गरज नाही, थांबा, ट्रान्सक्रिप्टमध्ये कंसात लिहिता येतं. ही सवय विद्यार्थ्यांना लावायला एक दुपार पुरते आणि खर्च शून्य. आधी एकमेकांच्या मुलाखती डोळे मिटून ऐकायला लावा, काय काय हरवतंय ते त्यांना आपोआप कळतं.

मुलाखत देणारी व्यक्तीच कर्णबधिर असेल आणि भारतीय सांकेतिक भाषेत बोलत असेल तर तिथे मूळ दस्तऐवज व्हिडिओ असतो. कॅमेऱ्यात चेहरा आणि दोन्ही हात पूर्ण आले पाहिजेत, मागची भिंत साधी, उजेड समोरून. दुभाषा शक्यतो त्या समाजाच्या ओळखीचा घ्या आणि त्याचं नाव माहितीत नोंदवा, कारण त्याचे मराठी शब्द हा एक अर्थ असतो, मूळ बोलणं नव्हे.

लिहून काढणं

एक तासाचं बोलणं नीट लिहून काढायला सरावलेल्या माणसालाही पाच-सहा तास लागतात, दोघे-तिघे एकदम बोलत असतील तर जास्तच. हा खर्च बजेटमध्ये कोणीच धरत नाही आणि मग शेवटी 'एनएसएसची मुलं करतील' असं होतं. मुलं करतीलही, पण पैसे द्या, कमवा आणि शिका सारखी योजना तुमच्याकडे असेल तर त्यात बसवा, फुकटच्या कामाला कोणी दुसऱ्यांदा तपासत बसत नाही.

बोलणं ऐकून आपोआप लिहून देणारी व्हिस्परसारखी फुकट मॉडेलं आहेत, आयआयटी मद्रासच्या एआय४भारतची आहेत, सरकारची भाषिणी आहे. पुस्तकी मराठी असेल आणि आवाज स्वच्छ असेल तर पहिला कच्चा खर्डा मिळून जातो. पण सिंधुदुर्गातून आलेली बाई मालवणीत सांगते, साताऱ्याकडची 'व्हतं-नव्हतं' म्हणते, मध्येच बंबैय्या हिंदी येते, त्यात साचेखातं, बदली कामगार, जॉबर, मुकादम असले गिरणीतले शब्द, इथे मशीन अडखळतं, आणि वाईट म्हणजे गप्प न बसता मनाने काहीतरी बरं दिसणारं वाक्य लिहून टाकतं. त्यामुळे ऑडिओ कानाला लावून ओळ न ओळ तपासल्याशिवाय मशीनचा खर्डा पुढे जाऊ देऊ नका. आणि बंद ठेवायला सांगितलेली मुलाखत बाहेरच्या ऑनलाइन सेवेत टाकू नका, ती आपल्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये करा.

बोली सुधारायची नाही. 'मी इलंय' म्हणाल्या असतील तर तसंच लिहा, 'मी आले आहे' करू नका. शोधणाऱ्याची सोय म्हणून सारांशात आणि विषयाच्या नोंदीत प्रमाण शब्द द्या, शेवटी छोटी शब्दसूची द्या. सुरुवातीलाच एक पानभर नियम ठरवून भिंतीवर लावा: हसणं कसं लिहायचं, न कळलेला शब्द कसा दाखवायचा, अर्धवट सोडलेलं वाक्य कसं लिहायचं, दर मिनिटाला की दोन मिनिटांनी वेळ टाकायची. नाहीतर चार जणांनी लिहिलेल्या चार मुलाखती चार घरच्या वाटतात.

लिहून झालं की ते आजींना वाचून दाखवा. नुसतं पाठवून चालत नाही, अनेकींना वाचता येत नाही किंवा चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही. या दुसऱ्या बैठकीत चुका दुरुस्त होतात, एखादा भाग काढायला सांगतात आणि बरेचदा पहिल्यापेक्षा चांगली गोष्ट तेव्हाच निघते, म्हणून रेकॉर्डर बरोबर असू द्या, विचारून चालू करा.

पूर्ण ट्रान्सक्रिप्टचे पैसे नाहीतच म्हणता? तर निदान वेळेनुसार सूची करा. दर चार-पाच मिनिटांना काय बोलणं झालं त्याच्या दोन ओळी, मराठीत आणि जमलं तर इंग्रजीतही. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या लायब्ररीने ओएचएमएस नावाचं साधन बनवलंय, त्यात ट्रान्सक्रिप्टमधला किंवा सूचीतला शब्द शोधला की रेकॉर्डिंग थेट त्या जागी उघडतं, आणि ते फुकट आहे. अर्थात कर्णबधिर वाचकाला सूची पुरत नाही हे लक्षात ठेवा, त्याच्या वाट्याला मुलाखत पूर्ण यायची तर ट्रान्सक्रिप्टच लागतं.

कागद आणि फोटो

मुलाखतीबरोबर खानावळीच्या वह्या, रेशन कार्डं, संपातली पत्रकं असं बरंच निघतं. मूळ कागद घरच्यांना परत द्या, तुम्ही स्कॅन ठेवा. ३०० डीपीआय कमीत कमी, बारीक किंवा पुसट छपाईला ४००. जतनाची प्रत टिफमध्ये, रंगीत ए४ पान ३०० ला साधारण २६ एमबी होतं, त्यामुळे वाचकाला हलकी प्रत वेगळी द्या.

छापील मराठीसाठी टेसरॅक्ट हे ओसीआर, म्हणजे पानाच्या फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारा प्रोग्रॅम, फुकट आहे आणि त्यात मराठी येतं. स्वच्छ छपाईला बरं काम करतं, शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकातले ते सगळे अनुस्वार आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' मधला ऱ्य-ऱ्ह आला की नजर टाकायलाच हवी. हस्ताक्षर आणि मोडीला त्याचा उपयोग नाही, ते जाणकाराकडून टाइप करून घ्या, तेही जमत नसेल तर पानात काय आहे त्याचा चार ओळींचा गोषवारा तरी द्या.

आणखी एक मराठीतलं जुनं दुखणं. डीटीपीवाल्याकडून मिळालेल्या जुन्या फाइल्स बहुतेकदा श्रीलिपीसारख्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. स्क्रीनवर झकास मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर भलतंच बरळतो आणि सर्चमध्ये काही सापडत नाही. ओळखायची सोपी युक्ती: चार ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, कचरा दिसला तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग तपासा, कन्व्हर्टर जोडाक्षरांत चुका करतात.

फोटोला लिहायचं वर्णन म्हणजे 'फोटो क्रमांक १२' नव्हे आणि 'एक सुंदर क्षण' तर मुळीच नव्हे. 'चाळीच्या खोलीत चार बायका जमिनीवर बसून पोळ्या लाटतायत, मागे भिंतीला लागून जेवणाच्या डब्यांची रांग, दारात एक मुलगा उभा' असं लिहा. नावं माहीत असतील तर द्या, नसतील तर अंदाज करू नका.

वेबवर चढवताना

कलेक्शन वेबवर दाखवायच्या सॉफ्टवेअरवरून भांडण्यात महिने जातात. डीस्पेस तुमच्या विद्यापीठात आधीच चालू असेल तर त्यातच टाका, नसेल आणि कलेक्शन छोटं असेल तर ओमेका सोपं पडतं. दोन्ही फुकट, पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस फुकट नसतो.

पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवलेलं असलं पाहिजे, नाहीतर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो. प्लेअर नुसत्या कीबोर्डने चालला पाहिजे, आपोआप वाजायला लागता कामा नये, कारण मग स्क्रीन रीडरचा आवाज त्याखाली बुडतो. साध्या मजकुराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट डब्ल्यूसीएजी या वेब सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या एए पातळीप्रमाणे निदान ४.५ ला १ हवा, फिकट राखाडी अक्षरं डिझायनरला आवडतात पण मोतीबिंदूवाल्यांना दिसत नाहीत. ट्रान्सक्रिप्ट नुसतं पीडीएफमध्ये देऊ नका, साध्या वेबपानावर द्या, ईपब (ई-पुस्तकाचा फॉरमॅट) मध्येही द्या. ऑडिओची हलकी प्रतही ठेवा, ६४ केबीपीएस मोनो एमपी३ चा एक तास २९ एमबीच्या आत बसतो, म्हणजे ज्यांची मुलाखत आहे त्यांच्या नातवालाही रोजच्या डेटा पॅकमध्ये ऐकता येईल. व्हिडिओला कॅप्शन मराठीत हवेतच.

प्रत्येक नोंदीत काय उपलब्ध आहे ते स्पष्ट लिहा: ट्रान्सक्रिप्ट आहे, कॅप्शन आहे, फोटोंचं वर्णन आहे, सांकेतिक भाषा नाही. जागेची नावं जुनी-नवी दोन्ही द्या, गिरणीचं नाव आणि तिथे आता उभ्या असलेल्या मॉलचंही, कारण विशीतली पोरं मॉलच्या नावानेच शोधणार.

तपासायला ऑटोमॅटिक टूल लावा, पण त्याच्या हिरव्या टिकमार्कवर जाऊ नका. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, अँड्रॉइडवर टॉकबॅक असतोच, आणि तो तुम्ही वापरण्यापेक्षा जे रोज वापरतात त्या विद्यार्थ्यांना बोलवा, मानधन द्या, शेजारी बसून नुसतं बघा. सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचं रिसोर्स सेंटर २००३ पासून चालतंय, मुंबईत या कामाची जाण असलेली माणसं आहेत, शोधावी लागत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात

फाइल वर गेली की कोणीतरी विचारणारच, हे सगळं करायलाच हवं का? दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि माहिती सुगम स्वरूपात देण्याबद्दल कलम आहे. ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) च्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलंय. टिपणीत या दोन ओळी घातल्या की चर्चा लवकर संपते.

पुस्तकांचं वेगळं आहे. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. पण कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या तरतुदीमुळे दिव्यांग वाचकासाठी पुस्तक त्याला वाचता येईल अशा स्वरूपात करून द्यायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही, आणि दृष्टिहीनांना पुस्तकं मिळणं सोपं करणारा माराकेश करार मान्य करणारा पहिला देशही भारतच, २०१४ मध्ये. मात्र ती प्रत त्याच वाचकांसाठी, ती सगळ्यांना खुली करून वेबसाइटवर टाकायची नाही. म्हणून सिस्टिममध्ये दोन दारं ठेवा, एक सगळ्यांसाठी उघडं आणि एक लॉगिनचं. तुमचं पुस्तक सुगम्य पुस्तकालय या दिव्यांग वाचकांसाठीच्या ऑनलाइन लायब्ररीत आधीच कोणी तयार केलंय का तेही बघा, तेच काम दोनदा कशाला.

जपून ठेवणं

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक मुंबईबाहेर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि विद्यापीठाचा कलिना कॅम्पस तिथून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे फोर्टमध्ये एक आणि कलिन्यात एक याला वेगळी जागा म्हणत नाहीत. पुण्याच्या किंवा नागपूरच्या एखाद्या लायब्ररीशी अदलाबदल करा. तळमजल्यावर काही ठेवू नका. फाइलची चेकसम (फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून बघा. जुन्या कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर कुतूहलापोटी प्लेअरमध्ये घालू नका, टेपही जाईल आणि प्लेअरही.

परत देणं

मुलाखत देणाऱ्याला पेन ड्राइव्ह आणि ट्रान्सक्रिप्टची छापील प्रत द्या, १८ पॉइंटमध्ये. जमलं तर चाळीच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ सगळ्यांना एकत्र ऐकवा, ज्यांनी ऐकवायला हो म्हटलंय त्यांचंच. तिथे मागून कोणीतरी उठून म्हणेलच, 'असं नव्हतं ते, मी सांगतो', त्याचं नाव आणि नंबर लगेच लिहून घ्या, पुढची मुलाखत त्याची.

आणि वेबसाइटवर प्रत्येक मुलाखतीखाली 'हे काढून टाका किंवा दुरुस्त करा' यासाठी ईमेलबरोबर फोन नंबरही द्या, कारण आजी ईमेल करणार नाहीत. तो नंबर तुमचा स्वतःचा नको, लायब्ररीच्या टेबलावरचा द्या, म्हणजे तुमची बदली झाली किंवा तुम्ही रिटायर झालात तरी कोणीतरी उचलेल, आणि जो उचलेल त्याच्या समोर संमतीच्या फॉर्मांची फाइल कुठल्या कपाटात आहे ते लिहिलेला कागद चिकटवून ठेवा.